गळकी टाकी आणि बाळंतिणीची खोली

सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. दारावरची घंटा वाजली आणि माझं अंथरूणपण संपलं.

हो, अंथरूणपणच. मी एक काचेची टाकी बोलतेय. घरात मासे ठेवतात ना, तसली. पण त्या सकाळी माझ्यात मासे नव्हते. माझ्यात कापडाच्या चिंध्या होत्या आणि चिंध्यांवर वेटोळं करून एक करडी मांजर झोपली होती. तिचं नाव बाईसाहेब. नाव उगाच नव्हतं पडलं. हाक मारली तर यायच्या नाहीत, आणि नाही मारली तर रुसायच्या.

दारात भिंगरीचा मामा उभा होता. त्याच्या हातात तारेचा पिंजरा आणि पिंजऱ्यात दोन पांढरे उंदीर.

"मामा!" भिंगरी अशी ओरडली की पाळण्यातलं बाळ दचकून उठलं. भिंगरी सात वर्षांची. एका जागी पाय ठरत नाही, म्हणून भिंगरी.

"ताई, आधीच रागावू नकोस," मामा चपला काढत म्हणाला. "पाळीव आहेत. दुकानातून आणलेत. दोघी बहिणी आहेत."

"अरे, पण आमच्याकडे मांजर आहे ना!"

"म्हणून तर आणले. तिलाही जरा करमेल."

"तिला करमेल रे," आतून भिंगरीच्या आजी बोलल्या. "त्या दोघींचं काय?"

बाईसाहेबांनी एक डोळा उघडला. मग दुसरा उघडला. माझ्या काचेला टेकलेलं त्यांचं पोट एकदम कडक झालं. आता काही खरं नाही, हे त्या घरात सगळ्यात आधी मला कळलं.

पुढचं सांगण्याआधी माझं मागचं सांगते. माझा जन्म काचवाल्याच्या दुकानात झाला. त्यानं पाच तुकडे कापले, कडांना सिलिकॉन भरलं, आणि ते वाळेपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्यावर "हात नका लावू, हात नका लावू" असं ओरडत बसला. तेवढी काळजी माझी पुन्हा फार उशिरा कुणी केली.

मला विकत घेतलं दातांच्या डॉक्टरीणबाईंनी. त्यांच्या दवाखान्यात बाहेरच्या खोलीत मी असायची. गालाला रुमाल लावून लोक यायचे आणि माझ्यातल्या लाल माशांकडे बघत आपली पाळी कधी येते याची वाट पाहायचे. कधीच येऊ नये असंही त्यांना वाटत असायचं. तिथे मी माणसांची एक सवय शिकले. काच दिसली की माणसाला टिचकी मारल्याशिवाय राहवत नाही. "टिचकी मारू नये" असा कागद माझ्यावर चिकटवला होता. लोक तो नीट वाचायचे आणि कागदाच्या शेजारी टिचकी मारायचे.

मग माझा एक कोपरा झिरपायला लागला. मासे दुसरीकडे गेले आणि मी जिन्याखाली गेले. त्या इमारतीची लिफ्ट बिघडली तेव्हा भिंगरीचे बाबा ती दुरुस्त करायला आले होते. लिफ्ट दुरुस्त करणं हाच त्यांचा धंदा. त्यांनी मला पाहिलं आणि घरी उचलून आणलं.

"गळकी टाकी कशाला आणलीत?" भिंगरीच्या आईनं विचारलं होतं.

"पाणीच गळेल. बाकी काही गळणार नाही," ते म्हणाले.

भिंगरीची आई घरी बसून कपडे लहानमोठे करून द्यायची. कुणाची पॅन्ट आखूड कर, कुणाचा शर्ट आत घे. उरलेल्या चिंध्या ती माझ्यात टाकायला लागली. चिंध्यांवर बाईसाहेब येऊन बसल्या, आणि विषय संपला.

बाईसाहेब या घरात भिंगरीच्या आधीपासूनच्या. भिंगरीची आई लग्न होऊन नवीन आली, तेव्हा बाबा दिवसभर बाहेर, आणि आजी अजून इथे राहायला यायच्या होत्या. तिला बोलायला माणूस नव्हतं. तेव्हा ही मांजर तिच्या मशीनखाली येऊन बसली ती बसलीच. सातवीनंतर शाळा सुटलेली, नवं गाव, प्रत्येक गोष्टीची धास्ती. गॅस बंद केला का? कुलूप लागलं का? हे सगळं ती मांजरीला विचारायची. मांजर उत्तर द्यायची नाही, पण ऐकून घ्यायची. ऐकून घेणारं कुणी असलं की निम्मी भीती जाते.

तर, उंदीर आले. एकीच्या कपाळावर काळा ठिपका होता, म्हणून ती टिकली. दुसरी पिठासारखी पांढरीफेक, म्हणून पिठी.

भिंगरीच्या आईनं दिवसभर विचार केला. शेवटी तिला वाटलं, उंच टांगलं की झालं. छताला एक रिकामा हूक होता. तिनं पॅन्टच्या कापडाचा दुहेरी पट्टा शिवला, त्यावर शिलाईवर शिलाई मारली, आणि पिंजरा हुकाला टांगला. "आता कशी जाते बघू," असं म्हणून कमरेवर हात ठेवून ती खाली उभी राहिली.

आजींनी मान वर करून पाहिलं. "शिंकं केलंस की काय?"

मांजरीला उंची म्हणजे अडचण नसते, आमंत्रण असतं. एवढं मला कळत होतं, पण काचेला कोण विचारतो? बाईसाहेब खुर्चीवर गेल्या, खुर्चीवरून कपाटावर गेल्या आणि कपाटावरून सरळ पिंजऱ्यावर. पिंजरा गरगर फिरला. पट्टा तुटला नाही, भिंगरीच्या आईची शिलाई कधी उसवत नाही. पिंजऱ्याची कडीच निसटली आणि सगळं धाडकन खाली आलं. नशीब असं, की खाली दुरुस्तीला आलेल्या पॅन्टींचा ढीग होता.

भिंगरीची आई पिंजऱ्यावर अशी पडली, जशी एखादी आई मुलावर पडते. मांजरीचं एक नख तिच्या मनगटावर ओढलं गेलं. आत टिकली आणि पिठी एकमेकींना चिकटून थरथरत होत्या, पण धड होत्या.

"शिंकं तुटलं आणि बोक्याचं फावलं, म्हणतात ते खोटं नाही," आजी म्हणाल्या.

"आजी, बोका नाही. आपली मांजर आहे," भिंगरी म्हणाली.

"आहे ना, म्हणूनच सांगते." आजींचा आवाज बदलला. "सूनबाई, ऐकून ठेव. नातीला दिलेली वस्तू परत घेता येत नाही. पण घरात तान्हं मूल आहे, मला इथे रक्त बघायचं नाही. यातल्या एकीलाही काही झालं ना, तर तुझी मांजर माझ्या भावाच्या लाकडाच्या वखारीत जाईल. तिथे उंदरांना तोटा नाही."

भिंगरीच्या आईनं मनगट पदराला पुसलं आणि बाईसाहेबांना उचलून छातीशी धरलं. मला वाटलं, रागावेल. ती फक्त त्यांच्या कानात म्हणाली, "तुला कळत नाही. मला कळायला हवं होतं."

मग तिनं भिंगरीच्या दप्तरातून पेन्सिल काढली आणि पिंजऱ्याच्या दोन तारांमध्ये घालून पाहिली. पेन्सिल आरपार गेली. "इथून पंजा आत येतो," ती स्वतःशीच म्हणाली. "आणि लहानसा उंदीर असता तर इथूनच बाहेर आला असता." पिंजरा बाद झाला. मग तिची नजर खोलीभर फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली.

हार्डवेअरच्या दुकानातून ती जाळी घेऊन आली आणि दुकानात काय झालं ते हसत हसत बाबांना सांगायला लागली. ती प्रत्येक जाळीत पेन्सिल घालून पाहत होती, तर दुकानदार म्हणाला, "वहिनी, जाळीवर लिहायचंय का?" ही म्हणाली, "लिहायचं नाही, अडवायचंय." जिच्यातून पेन्सिल गेली नाही ती जाळी तिनं आणली.

बाबांनी माझ्यासाठी लाकडी चौकटीचं झाकण करून त्यावर जाळी ठोकली आणि चारही बाजूंना घट्ट बसणारे चिमटे लावले. "अगं, एवढे चिमटे? आत उंदीर आहेत की वाघ?"

"आत उंदीरच आहेत," ती म्हणाली. "वाघाची मावशी बाहेर आहे."

इथपर्यंत सगळं बरोबर झालं. चूक पुढे झाली, आणि तीही मायेपोटी. माझ्यातल्या चिंध्या तिनं काढल्याच नाहीत. "मांजरीच्या वासाची सवय होऊ दे. हळूहळू मैत्री होईल," असं म्हणत तिनं टिकलीला आणि पिठीला त्याच चिंध्यांवर सोडलं. बाईसाहेबांनी किती वर्षं ज्यावर अंग घासलं होतं, त्याच चिंध्या. उंदरांना ते अंथरूण नव्हतं. वाघाच्या गुहेत मऊ गादी घालून "झोप बाळा" म्हणावं, तसं ते होतं.

बाईसाहेबांचं घर गेलं होतं. त्या माझ्या झाकणावर चढून बसल्या आणि आपल्याच घराच्या छपरावरून आत बघायला लागल्या. पापणी हलत नव्हती.

झालं! शेजारीण आली, तिची नणंद आली. "बाई बाई, काय मैत्री आहे! मांजर राखण करतेय जणू!" दोघींनी मोबाईलवर फोटो काढले. शेजारणीनं काचेवर टिचकी मारली. मला दवाखाना आठवला.

आत काय चाललं होतं ते मला माहीत होतं, कारण ते माझ्या पोटात चाललं होतं. दोघी एका कोपऱ्यात दगडासारख्या बसल्या होत्या. काकडीचा तुकडा सुकून गेला. दाणे तसेच राहिले. पिठीचं पोट गोल दिसायला लागलं होतं, पण तीही तोंड हलवत नव्हती. तिचं काळीज इतक्या जोरानं उडायचं की माझ्या तळाला कळायचं.

"ती खात नाहीये," जेवताना भिंगरीची आई म्हणाली.

"नवीन जागा आहे, होईल सवय," बाबा म्हणाले. "मांजर तर झाकणावर आहे. आत कुठे येतेय?"

तिचा घास हातातच राहिला. "मला तरी तेव्हा कुणी हात लावला होता? नुसतं बघतच तर होते."

बाबांना कळलं नाही. मला कळलं, कारण तेव्हाही मी याच खोलीत होते.

बाळ झालं तेव्हाची गोष्ट. घरी आल्याबरोबर लोक यायला लागले. सगळी चांगली माणसं. पलंगावर वाकायची, बाळाचं नाक कुणासारखं आहे ते सांगायची, हिच्याकडे बघायची. "दूध पुरतंय ना? बारीक दिसतंय हो." ती हसून मान हलवायची आणि रात्री उशीत तोंड खुपसून रडायची. तिला दूधच येईना. बाळ रडायचं, ही रडायची, आणि दारावरची घंटा पुन्हा वाजायची. मग एके सकाळी आजींनी खोलीचं दार ओढून घेतलं आणि बाहेर स्टुल टाकून बसल्या. येईल त्याला सांगत राहिल्या, "माझी सून झोपलीय. नंतर या." दार बंद झालं, आणि दुसऱ्याच दिवशी तिला पान्हा फुटला.

ताट तसंच ठेवून ती उठली. बाईसाहेबांना झाकणावरून उतरवलं. आधी हात कोपरापर्यंत साबणानं धुतले, कारण तळहातावर मांजरीचा वास घेऊन उंदराला धरायचं नाही, हे आता तिच्या लक्षात आलं होतं. दोघींना खोलगट डब्यात ठेवून तिनं वर भोकांचं झाकण लावलं. मग मला न्हाणीघरात नेऊन गरम पाण्यानं घासलं. एकदा, पुन्हा एकदा. इतकं स्वच्छ मला काचवाल्यानंही केलं नव्हतं. झिरपणाऱ्या कोपऱ्यातून पाणी टपटप गळून गेलं. तळाशी तिनं कोऱ्या कागदाच्या बारीक पट्ट्या भरल्या, आणि लपायला एक छोटं खोकं ठेवलं.

चिंध्या कुठे गेल्या? पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्यात, मशीनखाली. बाईसाहेबांनी ते खोकं तीनदा हुंगलं, एकदा लाथाडलं आणि आत जाऊन झोपल्या. रागावलेल्याला परत बोलवायचं तर त्याची जागा त्याला द्यावी लागते.

मला मात्र तिनं उचलून पलीकडच्या खोलीत नेलं. खोली कसली, गाठोडी ठेवायची अडगळ होती. पण तिला दार होतं.

"आता उंदरांना स्वतंत्र खोली?" आजी म्हणाल्या. "मला या घरात कपाट नाही धड."

"आई, पिठीला पिल्लं होणार आहेत, असं वाटतंय मला."

"मामा तर म्हणाला दोघी बहिणी आहेत!"

"त्या बहिणी असतील. दुकानातले शेजारी काही भाऊ नव्हते."

आजींना हसू आलं, ते त्यांनी दाबलं. भिंगरीच्या आईनं धीर करून पुढचं बोलून टाकलं. "मांजर नुसती बघत राहिली तरी ती भिते. भिऊन खात नाही. तेव्हा तुम्ही दार लावून बाहेर बसला होतात ना? तसंच करायचंय."

अडगळीतली आपली ट्रंक आजींनी स्वतः ओढत बाहेर नेली.

त्या रात्री पिठीनं दाणा खाल्ला. माझ्या पोटात कुरकुर कुरकुर असा आवाज आला, आणि खरं सांगते, माशांनी मला इतका आनंद कधी दिला नव्हता. टिकलीही खोक्यातून नाक बाहेर काढून आली. थोड्याच दिवसांनी सकाळी भिंगरीच्या आईनं पाहिलं, तर कागदाच्या घरट्यात तांबूस, बिनकेसांची, वाटाण्याएवढी पिल्लं वळवळत होती.

आता सगळी मदार त्या दारावर होती. आणि दार आपोआप लागत नव्हतं.

भिंगरी शाळेतून आली. हळू आवाजात बोलायचं, टिचकी मारायची नाही, हे तिला पाठ होतं. माझ्यापाशी गुडघे टेकून ती श्वास धरून बघत होती. तेवढ्यात खालून मैत्रिणीनं हाक मारली, आणि भिंगरी ती भिंगरीच. गिरकी घेतली आणि गेली. दार उघडं.

बाईसाहेब फटीतून आल्या, तेव्हा पावलांचा आवाजही झाला नाही. त्या स्टुलावर चढल्या आणि तिथून माझ्यावर. सगळं वजन एकदम झाकणावर आलं. एक चिमटा उडून भिंतीवर आपटला. माझा तो दुबळा कोपरा कण्हला. जन्मात पहिल्यांदा मी देवाला म्हटलं, गळकी तर गळकी, पण आज मला फुटू देऊ नकोस.

मी फुटले नाही. जाळी वाकली नाही. बाकीचे चिमटे दात रोवून राहिले.

आवाज ऐकून भिंगरीची आई बाळाला कडेवर घेऊन धावत आली, तिच्यामागे आजी, आजींच्या मागे रडवेली भिंगरी. तिनं एका हातानं बाईसाहेबांना उचललं. मग आत पाहिलं, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. पिठी घरटं सोडून पार दुसऱ्या कोपऱ्यात थरथरत उभी होती. पिल्लं उघडी पडली होती, इकडे तिकडे विखुरलेली.

"जिवंत आहेत ना?" आजींनी विचारलं.

"आहेत. पण ती भेदरलीय. भेदरलेली आई पिल्लं टाकते, आई. कधी कधी मारूनसुद्धा..." तिला पुढे बोलवेना.

"मी दार नाही लावलं," भिंगरी हुंदके देत म्हणाली. "आता बाईसाहेबांना वखारीत पाठवणार?"

भिंगरीच्या आईनं उडालेला चिमटा शोधून हळूच परत लावला. "चला सगळे बाहेर. आता आपण बघायचं नाही." दार बंद झालं. बाहेर स्टुल सरकल्याचा आवाज आला. कुणीतरी दारापाशी बसलं.

बाहेरच्यांना जे दिसलं नाही, ते मला दिसलं. बराच वेळ पिठी हललीच नाही. टिकली घरट्यापाशी जाऊन कागद सारखे करत राहिली. मग पिठीनं एक पाय पुढे टाकला. थांबली, कान फिरवले. दाराकडून काहीच आलं नाही, ना आवाज, ना वास, ना नजर. ती पहिल्या पिल्लापाशी गेली, त्याला हुंगलं, आणि दातांत अलगद धरून घरट्यात नेऊन ठेवलं. मग दुसरं नेलं. मग पुढचं. शेवटचं माझ्या झिरपणाऱ्या कोपऱ्यात पडलं होतं. तेही नेलं.

दिवस कलल्यावर भिंगरीची आई अनवाणी आत आली. माझ्यापाशी वाकली, पण काचेवर श्वासही पडू दिला नाही. पिल्लांची कातडी इतकी पातळ होती, की पोटात काय आहे ते बाहेरून दिसायचं. एकेका पोटात तांदळाएवढा पांढरा ठिपका होता. दूध.

ती तशीच मागे सरकत बाहेर गेली. दार उघडं असताना मला दिसलं, स्टुलावर आजी बसल्या होत्या. आणि त्यांच्या मांडीवर, जन्मात कधी नव्हे त्या, बाईसाहेब होत्या. आजींनी त्यांना दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं.

"पाजलंय," भिंगरीची आई म्हणाली आणि रडायला लागली.

"मग रडतेस कशाला? दूध आलं तेव्हाही अशीच रडली होतीस." आजींनी नाक ओढलं. "आणि ऐक. मांजरीचा काही दोष नाही. मांजर मांजरासारखीच वागणार. दाराला स्प्रिंग लावून घे म्हणावं त्याला. लोकांच्या लिफ्टची दारं आपोआप लावतो आणि स्वतःच्या घरातलं एक दार लावता येत नाही!"

"आणि वखार?" भिंगरीनं विचारलं.

"वखारीत हिला कोण सांभाळेल? नखरे बघितलेस का हिचे?" आजी म्हणाल्या. बाईसाहेब त्यांच्या मांडीत गुरगुर करत होत्या.

स्प्रिंग दुसऱ्याच दिवशी लागली. आता कुणी आत आलं, बाहेर गेलं, की दार स्वतःच्या पायानं येऊन मिटतं.

पिल्लं मोठी झाली. मोठी होण्याआधीच भिंगरीच्या आईनं नर वेगळे केले आणि मामाच्या पदरात घातले. "तूच म्हणालास ना, बहिणी आहेत? घे आता भाचे." त्याच्या घरी मांजर नाही, तरीही तिनं त्याला पेन्सिल आणि जाळीचा तुकडा बरोबर दिला.

मी आता म्हातारी झालेय. कोपऱ्याला चिकटपट्टी आहे, एका काचेवर बाईसाहेबांच्या नखाची बारीक रेघ आहे. टिकली झोपाळू झालीय. पिठी माझ्या तळाशी अजून रात्रभर कागद कुरतडते. भिंगरीच्या आईला धास्ती वाटते, ती काही गेली नाही. झोपायच्या आधी ती येऊन चिमटे चाचपते. पण हल्ली एकदाच चाचपते. बाळ रांगायला लागलंय, आणि काच दिसली की त्याचंही बोट पुढे येतं. मग आजी हळूच ते बोट मुठीत घेतात.

कुणी म्हणेल, आमची मांजर फार गरीब आहे, आमच्याकडे दोघांची मैत्री आहे. असेल. पण मैत्री आहे की नाही, ते छपरावर बसलेल्याला विचारू नका. तळाशी बसलेल्याला विचारा. तो खातोय का, झोपतोय का, तेवढं बघा.

जिभेला हाड नसतं म्हणतात. काचेला तर जीभच नसते. म्हणून हे माझ्या वतीनं तुम्हीच सांगा. ज्यांच्या घरी मांजर आहे आणि मुलांनी उंदरांचा हट्ट धरलाय, त्यांना सांगा, शेजारणीला सांगा, मामालोकांना तर आधी सांगा.

आणि आता निघताना एवढं करा. दाराला स्प्रिंग आहे, तरी हातानं ओढून घ्या. आत बाळंतीण होती, तेव्हापासून ही सवय या घराला लागलीय.